फक्त डोकी दिसतात

सकाळचे सात. बाहेर उणे सहा.
कुंडातलं पाणी अडतीस अंश,
आणि वाफेवर ठेवल्यासारखी पाच डोकी.
हिवाळ्यात आमच्या फ्योर्डकाठी माणूस एवढाच दिसतो,
गळ्यापासून वर.
बाकीचा पाण्याखाली, तिथलं कुणी कुणाला विचारत नाही.

काल सिनेमा होता. महिन्यातून दोनदा असतो.
तिकिटं मी फाडतो, लाह्या मी फोडतो, यंत्रही मीच चालवतो,
आणि दुसऱ्या दिवशी इथे येऊन बसतो
सहावं डोकं म्हणून.

ह्यालमार आधी बोलतो. तो नेहमीच आधी बोलतो,
चाळीस वर्षं ट्रॉलरवर वाऱ्यावर ओरडलेला माणूस.
"गाठ चुकीची होती," म्हणतो.
"त्या पोरानं होडी बांधली ना, पहिल्या लाटेत सुटली असती.
मग पुढचे दोन तास बघायचे कशाला?"
बघितले तरी. पहिल्या रांगेत, तोंड उघडं टाकून.

थोरगेर्दुरला नायिकेचा स्वेटर आवडला.
खांद्यावरची नक्षी तिने अंधारात बोटांवर मोजून घेतली:
सतरा टाके, मग दोन सोडायचे.
गोष्ट काय होती म्हटलं, तर,
होती काहीतरी नवरा-बायकोची.

बोझेना मूळची पोलंडची,
मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी करून थेट आलेली.
पडद्याखालच्या ओळी वाचायचा तिला कंटाळा.
"मी फक्त चेहरे बघते.
तो माणूस पहिल्यापासून खोटं बोलत होता."
बाकीच्यांना हे मध्यंतरानंतर कळलं.
केटिलला अजून कळलेलं नाही.

मग निघाला शेवटाचा विषय.
ती दाराशी उभी. दार अर्धं उघडं.
हात कडीवर. आणि काळोख.

"काय शेवट!" केटिल म्हणाला. शाळेत भूगोल शिकवायचा तो.
"उघडते की लावते? सांगितलंच नाही. याला म्हणतात हिंमत."
"हिंमत कसली," ह्यालमार, "पैसे संपले असतील त्यांचे."
"लावते," बोझेना म्हणाली. "खांदा नाही बघितलात?"
"उघडते."
थोरगेर्दुर. एकदम मोठ्याने.
"चौतीस वर्षं उभी होते मी तशा दाराशी. उघडतंच माणूस."

ह्यालमारने लोकरी टोपी कानांवर ओढली.
नऊ वर्षं झाली, दोघं वेगळे झाले.
गाव म्हणतं, एकमेकांना पाण्यात पाहतात.
पाहणारच. कुंड गावात एकच.

"पण शेवटी नावं का नाही आली?"
सिगुरवेग, केटिलची नात, वय तेरा.
अडतीस अंशांत माझ्या पोटात गार गोळा.
"हल्ली तसंच असतं," आजोबा म्हणाले, जाणकारासारखे.

अळीमिळी गुपचिळी.
कारण दार अर्धं उघडं असतानाच
यंत्रातला दिवा गेला.
मी दिसतील ती बटणं दाबली, घाबरून सगळे दिवे लावले,
माफी मागायला तोंड उघडलं,
तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली.
मग सगळ्यांनीच.

अकरा मिनिटं उरली होती.
दिवा बदलून रात्री दीडला एकट्याने बघितली.
दार उघडतं. नवराच असतो. रडारड, व्हायोलिन,
एक कुत्राही परत येतो,
तो हरवलाय हे माझ्या लक्षातही नव्हतं.
मग नावं. सात मिनिटं नुसती नावं.

"तू तर प्रत्येक सिनेमा बघतोस,"
थोरगेर्दुर माझ्याकडे वळली, भुवयांवर बर्फ,
"तू सांग. उघडते की लावते?"

पाच डोकी माझ्याकडे.
नळाचं पाणी पडत राहिलं.

"कडी गंजलेली होती," मी म्हणालो. "वेळ लागेल."

"हे बरोबर," ह्यालमार म्हणाला, बऱ्याच वेळाने.
"खाऱ्या हवेत कड्या धरतातच.
तेल घालायला हवं होतं कुणीतरी."

"हं," थोरगेर्दुर म्हणाली. "कुणीतरी."